पक्ष्यांचे बालपण आणि वार्धक्य

पक्ष्यांचे बालपण आणि वार्धक्य यांतील संबंध हा पक्षिविज्ञान, उत्क्रांतिजीवशास्त्र आणि जराविज्ञान या शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. अंड्यात आणि घरट्यात असताना पक्ष्याला मिळालेले अन्न व ऊब, भावंडांशी करावी लागलेली स्पर्धा आणि सोसावा लागलेला ताण यांचे परिणाम त्याच्या आयुर्मानावर, प्रजननावर, म्हातारपणाच्या वेगावर आणि वर्तनावर कसे होतात, याचा शोध या विषयात घेतला जातो. बहुतेक लहान गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले अवघे दोन ते तीन आठवडे घरट्यात राहतात. या अल्प काळाचा ठसा पुढे कित्येक वर्षे टिकतो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. मात्र खडतर बालपण म्हणजे अल्पायुष्य आणि सुखाचे बालपण म्हणजे दीर्घायुष्य, असे सरळ समीकरण या प्रयोगांतून निघत नाही. काही जातींमध्ये हा संबंध अगदी उलट दिसतो, तर काहींमध्ये तो दिसतच नाही.

पार्श्वभूमी

बालपणातील अनुभव प्रौढ वर्तनाला कायमचे वळण देतात, ही कल्पना पक्ष्यांच्या अभ्यासात जुनी आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात हंसांच्या पिल्लांवर केलेले काम सर्वपरिचित आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जो हलता प्राणी दिसेल त्याच्यामागे ही पिल्ले चालू लागतात. या प्रक्रियेला अनुमुद्रण म्हणतात. पुढे क्लाउस इमेलमान या जर्मन संशोधकाने झेब्रा फिंच पक्ष्याची पिल्ले बंगाली फिंचच्या घरट्यात वाढवली. (बंगाली फिंच ही पांढऱ्या पाठीच्या मनोलीची पाळीव जात होय.) मोठे झाल्यावर या नरांनी स्वतःच्या जातीच्या माद्यांऐवजी पालक-जातीच्या माद्यांना पसंती दिली.

हे सर्व काम वर्तनापुरते मर्यादित होते. बालपणाचा संबंध आयुर्मानाशी जोडण्याची प्रेरणा बऱ्याच अंशी मानवी आरोग्याच्या अभ्यासातून आली. जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्या व्यक्तींना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, असे ब्रिटिश वैद्यक संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवले. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळाच्या वेळी गर्भात असलेल्या मुलांचाही असाच पाठपुरावा झाला. मात्र माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. गरिबी, आजार, आनुवंशिकता आणि आहार हे घटक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की नेमके कारण वेगळे काढणे कठीण जाते. पक्ष्यांच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी होते. पिल्ले एका घरट्यातून दुसऱ्या घरट्यात हलवता येतात, घरट्यातील पिल्लांची संख्या कमी-जास्त करता येते आणि बहुतेक जातींचे पालक पाहुण्या पिल्लालाही आपल्या पिल्लाप्रमाणेच भरवतात. पिल्लाची वाढ आईच्या शरीराबाहेर, अंड्यात होत असल्यामुळे आईची प्रकृती आणि भ्रूणाची परिस्थिती यांचा परिणामही स्वतंत्रपणे तपासता येतो.

याशिवाय पक्षी आपल्या आकाराच्या मानाने दीर्घायुषी असतात. पिंजऱ्यातील उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, तर त्याच्याहून हलका झेब्रा फिंच आठ-नऊ वर्षांपर्यंत जगू शकतो. विझ्डम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेसन अल्बाट्रॉस मादीच्या पायात मिडवे बेटावर १९५६ मध्ये कडी घालण्यात आली होती. तेव्हाच ती प्रौढ होती. २०२४ मध्ये, सुमारे ७४ वर्षांची असताना, तिने पुन्हा अंडे घातले. पायात घातलेल्या एका कडीमुळे एखाद्या वन्य प्राण्याचे संपूर्ण आयुष्य नोंदवता येण्याची सोय इतर फार थोड्या प्राणिगटांत आहे.

अंड्यातील काळ

पक्ष्याचे बालपण अंडे फुटण्याच्या आधीच सुरू होते. मादी अंड्याच्या पिवळ्या बलकात पोषकद्रव्यांबरोबर संप्रेरकेही साठवते. ह्युबर्ट श्वाबल यांनी १९९३ मध्ये कॅनरी पक्ष्यांच्या बलकात आईकडून आलेले टेस्टोस्टेरॉन आढळल्याचे दाखवून दिले. एकाच विणीतील नंतरच्या अंड्यांत या संप्रेरकाचे प्रमाण वाढत जाते आणि ज्या पिल्लांना ते अधिक मिळाले त्यांचे पुढे भावंडांमधील स्थानही वरचे असते, असे त्यांना आढळले. उशिरा घातलेल्या अंड्यातील पिल्लू उशिरा बाहेर येते व मागे पडते. ती तफावत काही अंशी भरून काढण्याची ही आईची तजवीज असावी, असा या निरीक्षणाचा एक अर्थ लावला जातो.

भ्रूणाला बाहेरच्या जगाची चाहूलही लागते. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील पक्षी आहे. तापमान २६ अंश सेल्सिअसच्या वर गेले की अंडी उबवणारे पालक उबवणीच्या शेवटच्या दिवसांत एक विशिष्ट आवाज काढतात. मायलीन मारिएट आणि कॅथरीन ब्यूकॅनन यांनी हा आवाज ध्वनिमुद्रित करून उबवणयंत्रातील अंड्यांना ऐकवला. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा ‘उष्म्याचा निरोप’ ऐकलेली पिल्ले गरम घरट्यात कमी वजनाची राहिली. लहान शरीरातून उष्णता लवकर बाहेर पडते, त्यामुळे उन्हाळ्यात हे फायद्याचेच ठरते. त्यातील माद्यांनी पहिल्या विणीच्या हंगामात अधिक पिल्ले वाढवली. हे पक्षी मोठेपणी स्वतःच्या विणीसाठीही तुलनेने गरम घरटी निवडत. कमी वजन हे येथे कुपोषणाचे लक्षण नसून येणाऱ्या हवामानाची पूर्वतयारी होती. म्हणूनच पिल्लाच्या केवळ वजनावरून त्याच्या बालपणाचा बरे-वाईटपणा ठरवणे धोक्याचे असते.

पिवळ्या पायांच्या कुरवावर स्पेनच्या किनाऱ्यालगत झालेला प्रयोग याहून आश्चर्यकारक आहे. होसे नोगेरा आणि आल्बेर्तो बेलांदो यांनी एका घरट्यातील काही अंड्यांना दिवसातून काही वेळ बाहेर नेऊन शत्रूची सूचना देणारे प्रौढ कुरवांचे आवाज ऐकवले व ती अंडी परत ठेवली. हे आवाज ऐकलेले भ्रूण अंड्यात अधिक हालचाल करू लागले. ती थरथर शेजारच्या अंड्यांना जाणवली आणि स्वतः आवाज न ऐकलेली भावंडेसुद्धा बाहेर आल्यावर धोक्याच्या प्रसंगी तितक्याच चपळाईने दबून बसली. या सावधपणाची किंमतही होती. दोन्ही प्रकारच्या पिल्लांत ताणाच्या संप्रेरकाची पातळी अधिक, पायाची वाढ कमी आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीची क्षमता घटलेली आढळली.

घरट्यातील स्पर्धा

घरटे हे बाहेरून शांत दिसत असले तरी आत अन्नासाठी सतत चढाओढ चालू असते. अनेक जातींत पहिले अंडे घालताच मादी उबवण सुरू करते, त्यामुळे पिल्ले एकाच दिवशी बाहेर न येता काही दिवसांच्या अंतराने येतात. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या घरट्यात म्हणूनच अगदी लहान-मोठी पिल्ले शेजारी शेजारी बसलेली दिसतात. मोठे पिल्लू आधी खाते, आणि टंचाईच्या वर्षी धाकटे उपाशी राहते.

अन्न कमी पडलेल्या पिल्लापुढे शरीरक्रियेच्या दृष्टीने एक पेच असतो. वाढ मंदावू द्यावी, तर उडण्यायोग्य होण्यास उशीर होतो आणि शिकाऱ्यांचा धोका वाढतो. अन्न पुन्हा मिळू लागताच वेगाने वाढून मागची तूट भरून काढावी, तर पेशींच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष होते. ग्लासगो विद्यापीठातील नील मेटकाफ आणि पॅट मोनॅहन यांनी २००१ मध्ये हा दुसरा मार्ग म्हणजे आज वाढून उद्या किंमत मोजणे होय, अशी मांडणी केली. तिला भरपाईच्या वाढीचा सिद्धान्त म्हणता येईल. तिच्या मुळाशी टॉमस कर्कवुड यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार आहे. शरीराकडील ऊर्जा मर्यादित असते. ती वाढ व प्रजनन यांवर खर्च झाली की देखभालीसाठी कमी उरते आणि त्या उपेक्षेतून म्हातारपण येते.

या मांडणीची चाचणी झेब्रा फिंचवर झाली. पहिले काही आठवडे कमी प्रथिनांचा आहार दिलेल्या पिल्लांना नंतर भरपूर अन्न दिले असता ती वजनाने इतरांच्या बरोबरीला आली. बाहेरून पाहता नुकसान भरून निघाले होते. परंतु प्रौढपणी अन्नाशी संबंधित साधी खूण शिकण्याच्या चाचणीत, ज्यांनी सर्वांत वेगाने तूट भरून काढली होती तेच पक्षी सर्वांत मागे पडले (२००६). दुसऱ्या एका प्रयोगात निकृष्ट आहारावर वाढलेल्या पिल्लांच्या रक्तातील प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांची पातळी प्रौढपणीही कमी राहिली. दरम्यानच्या काळात त्यांना उत्तम आहार मिळत होता, तरीही हा फरक मिटला नाही.

टेलोमिअर

बालपणीच्या ताणाची नोंद शरीरात कोठे राहते, या प्रश्नाच्या उत्तरासाठी सर्वाधिक अभ्यासलेली रचना म्हणजे टेलोमिअर. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले हे संरक्षक टोपण पेशीच्या प्रत्येक विभाजनाबरोबर थोडे आखूड होते. ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे ही झीज वाढते. ते फार आखूड झाले की पेशी विभाजन थांबवते. टेलोमिअरची रचना व कार्य उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांमध्ये टेलोमिअर मोजणे सोयीचे असते, कारण सस्तन प्राण्यांप्रमाणे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी केंद्रकहीन नसतात. पिल्लाच्या पंखातील शिरेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्यासाठी पुरतो, आणि तोच पक्षी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासता येतो.

ब्रिट हायडिंगर, पॅट मोनॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९ झेब्रा फिंच पक्ष्यांची टेलोमिअर-लांबी वयाच्या २५ व्या दिवशी आणि नंतर आयुष्यात अनेकदा मोजली, व प्रत्येक पक्षी नैसर्गिकरीत्या मरेपर्यंत वाट पाहिली. काही पक्षी वर्षभरही जगले नाहीत, काही जवळजवळ नऊ वर्षे जगले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुर्मानाचा सर्वांत चांगला अंदाज २५ व्या दिवशीच्या मोजमापावरून येत होता. म्हणजे पक्षी घरटे सोडून जेमतेम आठवडा उलटला असताना घेतलेल्या रक्तात त्याच्या आयुष्याच्या लांबीविषयी जेवढी माहिती होती, तेवढी नंतरच्या कोणत्याही नमुन्यात नव्हती.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. टेलोमिअर मुळात आखूड असणे आणि ते वेगाने झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, तर दुसरीत परिस्थितीचा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या येले बोनेकँप, सिमॉन व्हरहुल्स्ट आदी संशोधकांनी जॅकडॉ या कावळ्याच्या कुळातील पक्ष्याच्या घरट्यांत पिल्लांची संख्या वाढवली किंवा घटवली. गर्दीच्या घरट्यातील पिल्लांची टेलोमिअर-झीज अधिक झाली. ज्यांची झीज जास्त, ती पिल्ले पुढे वसाहतीत परत येण्याची शक्यता कमी होती. निव्वळ लांबीवरून मात्र हे भाकीत करता आले नाही (२०१४).

उपासमार आणि अन्नासाठी करावा लागणारा आटापिटा यांपैकी नेमके काय बाधते, हे निसर्गात वेगळे करता येत नाही, कारण भुकेले पिल्लू साहजिकच जास्त ओरडते. न्यूकॅसल विद्यापीठातील डॅनियल नेटल, मेलिसा बेटसन व सहकाऱ्यांनी युरोपीय स्टार्लिंगची पिल्ले हाताने भरवून हा गुंता सोडवला. काही पिल्लांना कमी अन्न दिले आणि काहींना भरवण्याआधी बराच वेळ चोच उघडून ओरडायला लावले. हा प्रयोग दहा दिवस चालला. दोन्ही गोष्टींनी टेलोमिअरची झीज वाढवली आणि त्यांचे परिणाम एकमेकांत मिळवले गेले. डीएनएची हानी मात्र कमी अन्न व जास्त ओरड या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या त्या पिल्लांतच वाढलेली दिसली. अन्न मिळते किती, एवढेच महत्त्वाचे नसून ते मिळवण्यासाठी किती झगडावे लागते हेही शरीरात नोंदले जाते, हा या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल.

टेलोमिअर हे वार्धक्याचे कारण आहे की केवळ निदर्शक, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. ते अन्य ठिकाणी झालेल्या हानीची साक्ष देणारे चिन्ह असावे, असे मानणारे संशोधक बरेच आहेत.

ताणाचे संप्रेरक आणि जोडीदार

संकटाच्या वेळी पक्ष्यांच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते. माणसातील कॉर्टिसॉलचे काम पक्ष्यांत ते करते. झेब्रा फिंचच्या पिल्लांना घरट्यात असताना तेलात मिसळून याची अल्प मात्रा दिली असता, मोठेपणी त्यांची ताणाला दिलेली प्रतिक्रिया अधिक तीव्र व लांबलेली असल्याचे कॅरेन स्पेन्सर व सहकाऱ्यांनी दाखवले. असे पक्षी कमीही जगले.

याच गटाने २०१२ मध्ये नोंदवलेली पुढची बाब कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. ज्या पक्ष्यांचे बालपण सुरळीत होते, पण ज्यांची जोडी बालपणी ताण सोसलेल्या पक्ष्याशी लावली गेली, त्यांचेही आयुष्य घटले. पिल्लू असताना दिलेल्या संप्रेरकाचा परिणाम अशा प्रकारे एका शरीरातून दुसऱ्या शरीरापर्यंत पोहोचला होता. जोडीने वीण करणाऱ्या पक्ष्यांत उबवणे, भरवणे व राखण या कामांची वाटणी असते. एकाचे वागणे बिघडले की दुसऱ्यावर भार येतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

वर्तनावरील परिणाम

बालपणीच्या परिस्थितीने पक्षी निर्णय कसे घेतो, कोणाकडून शिकतो आणि कसा गातो हेही बदलते. न्यूकॅसलच्या स्टार्लिंगांना प्रौढपणी दोन कळींपैकी एक निवडायची होती. एकीतून थोडे अन्न लगेच मिळे, दुसरीतून जास्त अन्न थोड्या वेळाने. पिल्लू असताना ज्यांची टेलोमिअर-झीज अधिक झाली होती, ते पक्षी लगेच मिळणाऱ्या थोड्या अन्नाकडे अधिक झुकले. या उतावळेपणाला दोष म्हणणे मात्र घाईचे ठरेल. ज्याच्या आयुष्याची शाश्वती कमी, त्याने उद्याची वाट न पाहणे हे हिशेबाला धरूनच आहे.

शिकण्याच्या बाबतीतही असेच दिसते. झेब्रा फिंचची पिल्ले सामान्यतः अन्न शोधण्याची युक्ती आईवडिलांकडून उचलतात. डॅमियन फरीन, कॅरेन स्पेन्सर आणि नीलत्ये बोगर्ट यांच्या २०१५ मधील प्रयोगात बालपणी कॉर्टिकोस्टेरॉन दिलेल्या पिल्लांनी पालकांचे अनुकरण सोडून थव्यातील इतर प्रौढ पक्ष्यांकडून ती युक्ती शिकून घेतली. ज्या घरात आपले हाल झाले तेथील ज्ञानावर विसंबू नये, असाच जणू हा पवित्रा होता.

गाण्याविषयी स्टीफन नोविकी, सुझन पीटर्स आणि जेफ्री पोडोस यांनी १९९८ मध्ये एक परिकल्पना मांडली. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूतील गायनाची केंद्रे नेमक्या त्याच आठवड्यांत आकाराला येतात, ज्या आठवड्यांत पिल्लाची उपासमार होण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यामुळे प्रौढ नराचे गाणे हे त्याच्या बालपणाचे प्रगतिपुस्तक ठरते आणि मादी ते ऐकून जोडीदाराची पारख करू शकते. स्वॅम्प स्पॅरो या अमेरिकी पक्ष्यावरील प्रयोगात अर्धपोटी वाढलेल्या नरांच्या मेंदूतील एचव्हीसी हे केंद्र लहान राहिले व त्यांनी ऐकलेल्या गाण्याची नक्कल कमी अचूक केली. स्टार्लिंगमध्ये अन्नाची अनिश्चितता सोसलेले नर मोठेपणी कमी वेळ गाताना आढळले.

सुखाच्या बालपणाचे दोन पदर

उत्तम परिस्थितीत वाढलेला प्राणी आयुष्यभर सरस ठरतो, या कल्पनेला जीवशास्त्रात ‘चांदीच्या चमच्याचा परिणाम’ असे नाव आहे. तिचे वन्य पक्ष्यांतील ठळक उदाहरण नेदरलँड्सच्या स्खिर्मोनिकोख बेटावरील ऑयस्टरकॅचर हा कालवे-शिंपले फोडून खाणारा किनारपक्षी आहे. (हिवाळ्यात तो कोकणच्या किनाऱ्यावरही येतो.) काही जोड्यांची घरटी चिखलाच्या सपाटीला लागून असतात. त्यांची पिल्ले पालकांबरोबर चालत खाद्यापर्यंत जातात. मागच्या ओळीतील जोड्यांना प्रत्येक घास उचलून शेजाऱ्यांच्या हद्दीवरून उडत आणावा लागतो. मार्टिन व्हान दे पोल यांच्या २००६ मधील अभ्यासात पुढच्या ओळीत जन्मलेली पिल्ले केवळ अधिक जगली असे नाही, तर मोठेपणी स्वतःही पुढच्या ओळीत जागा मिळवण्याची त्यांची शक्यता जास्त होती. जन्मस्थानाचा लाभ असा आयुष्यभर, आणि पुढील पिढीपर्यंतही, चालत राहतो.

स्वीडनच्या गोटलँड बेटावरील पट्टेरी मानेच्या माशीमार पक्ष्यांनी मात्र या चित्राची दुसरी बाजू दाखवली. तेथे अनेक वर्षे घरट्यांतील पिल्लांची संख्या प्रयोगासाठी बदलली जात होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, कमी भावंडांत वाढलेल्या माद्यांनी तरुणपणी अधिक पिल्ले वाढवली, परंतु त्यांची प्रजननक्षमता पुढे झपाट्याने घसरली आणि उतारवयात त्यांचा मृत्युदरही अधिक होता. गर्दीच्या घरट्यातून आलेल्या माद्यांची सुरुवात मंद होती, पण त्यांची भरभराट उशिरा, इतर माद्या उतरणीला लागल्यावर झाली. सुबत्तेत वाढलेल्या शरीराने तारुण्यातच सढळ हाताने खर्च केला होता.

ग्रोनिंगन येथील मिखाएल ब्रिगा आणि सहकाऱ्यांनी बालपण व प्रौढपण दोन्ही एकाच प्रयोगात बदलून पाहिले. झेब्रा फिंचची पिल्ले लहान किंवा मोठ्या कुटुंबात वाढवली गेली. प्रौढ झाल्यावर त्यातील काहींना दांडीवर बसून सहज खाता येई, तर काहींच्या दाणापेटीसमोरील दांडी काढून टाकल्याने त्यांना हवेत फडफडत राहून दाणे टिपावे लागत. कष्टाच्या अन्नाने आयुष्य घटले ते मोठ्या कुटुंबात वाढलेल्या पक्ष्यांचेच. लहान कुटुंबातील पक्ष्यांनी तेच कष्ट पचवले. वाईट बालपणाची हानी प्रौढपणी सुबत्ता असेल तर झाकलेली राहते व टंचाई आली की उघडी पडते, असा या २०१७ मधील निष्कर्षाचा अर्थ आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरे परस्परांशी का जुळत नाहीत, याचे एक कारणही यात दडलेले असावे. पिंजऱ्यातील पक्ष्याला दाणापाणी आयते मिळत असते.

बूबीचा अपवाद

मेक्सिकोच्या इस्ला इसाबेल या पॅसिफिक महासागरातील बेटावर ह्यू ड्रमंड यांनी अनेक दशके निळ्या पायांच्या बूबीचा अभ्यास केला आहे. या समुद्रपक्ष्याच्या घरट्यात सहसा दोन पिल्ले असतात आणि थोरले धाकट्याला आठवडेच्या आठवडे टोचून, बडवून दबवून ठेवते. धाकट्याला अन्न कमी मिळते, वाढ सावकाश होते आणि त्याच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेले असते. वर सांगितलेल्या सर्व प्रयोगांवरून त्याचे आयुष्य अधू असावे असेच कोणी म्हणेल. प्रत्यक्षात जी धाकटी पिल्ले घरट्यातून जिवंत बाहेर पडली त्यांचा पुढील आयुष्यातील मृत्युदर थोरल्यांपेक्षा अधिक नव्हता (२०११). स्वतःच्या घरट्याचे रक्षण करतानाही ती भित्री निघाली नाहीत.

याचे एक स्पष्टीकरण असे की, भावंडांचा जाच हा या जातीच्या पिल्लांना लाखो वर्षांपासून अपेक्षित असलेला अनुभव आहे, त्यामुळे नैसर्गिक निवडीने त्यावरील उपायही शरीरात घडवले असावेत. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या दिलेला ताण तसा परिचित नसतो. दुसरे स्पष्टीकरण अधिक रुक्ष आहे. दुबळी पिल्ले घरट्यातच मरतात आणि मोजणीत उरतात ती मुळात काटक असलेलीच. या निवडक गळतीमुळे खडतर बालपणाचे परिणाम असतात त्यापेक्षा सौम्य भासू शकतात. ड्रमंड यांनी आपल्या माहितीत ही शक्यता तपासली होती, तरी कोणत्याही वन्य पक्ष्यावरील अभ्यास वाचताना ती ध्यानात ठेवावी लागते.

पाठपुराव्याची अडचणही तितकीच मोठी आहे. पंख फुटलेले पिल्लू दूर उडून गेले तर ते मेले की दुसरीकडे स्थायिक झाले हे कळत नाही. त्यामुळे बेटांवरील अभ्यासांना विशेष महत्त्व आले आहे. सेशेल्समधील कझिन हे छोटे बेट तेथील वटवट्याच्या संरक्षणासाठी १९६८ मध्ये विकत घेण्यात आले, आणि पुढे तेथील जवळजवळ प्रत्येक वटवट्याच्या पायात कडी घालण्यात आली. हे पक्षी सहसा बेट सोडत नाहीत, त्यामुळे जो दिसेनासा झाला तो मेला असे जवळपास खात्रीने म्हणता येते. तेथेही आखूड आणि वेगाने झिजणारे टेलोमिअर मृत्यूचा धोका सूचित करतात असे आढळले आहे.

शहर, गोंगाट आणि संवर्धन

घरट्याभोवतीचे जग माणसाने बदलले आहे, आणि या विषयाला व्यावहारिक महत्त्व येते ते येथे. स्वीडनमध्ये ग्रेट टिट पक्ष्याची पिल्ले शहर व ग्रामीण भाग यांत अदलाबदल करून वाढवली असता, जन्मदाते कोणतेही असले तरी शहरात वाढलेल्या पिल्लांचे टेलोमिअर अवघ्या दोन आठवड्यांत आखूड झालेले दिसले (२०१६). फ्रान्समध्ये घरचिमणीच्या घरट्यांजवळ वाहतुकीचा ध्वनिमुद्रित गोंगाट वाजवला असता, पिल्लांची वाढ नेहमीसारखी होऊनही त्यांचे टेलोमिअर तुलनेने आखूड राहिले (२०१५). मुंबई-पुण्यात छपराच्या फटीत घरटे करणारी चिमणी याच जातीची आहे. एखाद्या वस्तीत चिमण्यांची घरटी मोजून आणि पिल्ले उडाल्याची नोंद करून तेथील परिस्थिती चांगली आहे असा निष्कर्ष काढला जातो, परंतु ती पिल्ले किती जगणार हे त्या मोजणीत येत नाही.

दुर्मीळ पक्ष्यांच्या बंदिस्त प्रजननात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे पिल्लाचे संपूर्ण बालपण माणसाच्या हाती असते. उत्तर अमेरिकेत डांग्या क्रौंचाच्या पिल्लांना भरवणारे कर्मचारी क्रौंचासारखा पांढरा वेष घालतात व बोलणे टाळतात, जेणेकरून पिल्लांवर माणसाचे अनुमुद्रण होऊ नये. भारतात २०१९ पासून राजस्थानच्या वाळवंटातून माळढोकाची अंडी गोळा करून ती कृत्रिमरीत्या उबवली जात आहेत. महाराष्ट्रात सोलापूरजवळील नान्नजचे अभयारण्य याच पक्ष्यासाठी राखलेले आहे, आणि तेथील माळरानावर तो आता क्वचितच दिसतो. माळढोक मादी एका वेळी सहसा एकच अंडे घालते, त्यामुळे यंत्रात उबवलेल्या आणि हाताने भरवलेल्या प्रत्येक पिल्लाचे मोल मोठे आहे. अशी पिल्ले जगतात की नाही याबरोबरच ती मोकळ्या माळावर शत्रू ओळखतील का, जोडीदार निवडतील का आणि किती वर्षे वीण करू शकतील, हे त्यांना निसर्गात सोडल्यानंतर अनेक हंगाम नोंदी ठेवल्यावरच कळते.